सेवक म्हणविणारा धनी

धनी जर आपल्या चाकरांना म्हणाला, "मी तुमचाच चाकर आहे," तर चाकरांनी ते खरे मानावे काय? भाबडा मनुष्य म्हणेल, केवढे मोठे मन धन्याचे! व्यवहारातला मनुष्य म्हणेल, पगार कोण देतो आणि कामावरून कोण काढतो ते आधी सांगा, मग चाकर कोण ते पाहू. आम्हांस दोघांचेही म्हणणे अर्धे वाटते, आणि उरलेल्या अर्ध्याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

निमित्त असे झाले. इ.स. २०२५ च्या एप्रिल महिन्यात रोमचे पोप फ्रान्सिस निवर्तले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून त्यांची जी छायाचित्रे आली, त्यांत एक पुन्हा पुन्हा दिसे. पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा गुडघे टेकून बसला आहे आणि तुरुंगातल्या कैद्याचे पाय धूत आहे. आमच्या श्रोत्यांपैकी दोघा-तिघांनी निरनिराळ्या गावी विचारले, "महाराज, हे खरे, का नुसते दाखवायचे?" प्रश्न चांगला होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. शिवाय ज्यांच्या घरची ही गोष्ट, त्यांच्या घरात जाऊन ती नीट पाहिल्यावाचून मत देणे म्हणजे शेजाऱ्याच्या झाडाची फळे भिंतीवरून मोजणे होय. म्हणून आम्ही यथाशक्ति ख्रिस्ती मंडळींचे ग्रंथ व इतिहास चाळला. वारीत लहानाने थोराच्या आणि थोराने लहानाच्या पाया पडावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. तेव्हा पाय या विषयातले आपल्याला थोडेबहुत कळत असावे.

प्रथम मूळ कथा पाहू. ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात आहे. येशूचे शेवटचे भोजन. दुसऱ्या दिवशी त्याला वधस्तंभावर चढविणार आहेत आणि हे त्याला ठाऊक आहे. त्या मुलखात रस्ते धुळीचे आणि पायांत साध्या वहाणा. पाहुणा घरी आला की त्याचे पाय धुवावे लागत, आणि ते काम घरातल्या गुलामाचे. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचे वरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला पंचा गुंडाळतो, परातीत पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. ज्या यहूदाने त्याला धरून देण्याचा बेत केला होता, तोही त्या पंक्तीत बसला होता. धुणाऱ्याला ते माहीत होते. पाळी पेत्राची आली तेव्हा पेत्र अडून बसला. गुरूने माझे पाय धुवायचे? कदापि नाही! येशूने त्याला सांगितले की, मी तुला धुतले नाही तर तुझा माझा वाटा एक राहणार नाही. झाले! पेत्र लगेच दुसऱ्या टोकाला गेला. मग पायच कशाला, हातही धुवा, डोकेही धुवा! त्यावर, तेवढ्याची गरज नाही असे त्याला सांगण्यात आले. पेत्राचा हा स्वभाव आम्हांस फार आवडतो. असा एक शिष्य प्रत्येक गुरूजवळ असावा.

काम संपल्यावर येशू वस्त्र घालून पुन्हा जागेवर बसतो आणि जे सांगतो त्याचा भावार्थ असा. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. तेव्हा गुरूने व प्रभूने जर तुमचे पाय धुतले, तर तुम्हीही एकमेकांचे धुतले पाहिजेत. यातील दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. एक, त्याने आपले प्रभुत्व नाकारले नाही. 'मी कोणी नाही' अशी वरवरची नम्रता तेथे नाही. दुसरी, त्याने 'माझे पाय धुवा' असे म्हटले नाही, 'एकमेकांचे' म्हटले.

आता शब्द पाहू. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा उत्तरभाग ग्रीक भाषेत आहे, आणि त्यात सेवकाला दोन शब्द येतात. एक 'दूलोस', म्हणजे विकत घेतलेला दास. दुसरा 'दियाकोनोस', म्हणजे हाताखाली राहून सेवा करणारा, विशेषेकरून पंक्तीत वाढणारा. मार्काच्या शुभवर्तमानात दोघे शिष्य गुरूच्या राज्यात उजव्या-डाव्या हाताच्या जागा आधीच मागून ठेवतात (हे भांडण कोणत्या संप्रदायात नाही?) तेव्हा त्यांना सांगितले आहे की, थोर व्हायचे असेल तर वाढपी व्हा आणि पहिले व्हायचे असेल तर सर्वांचे दास व्हा. ख्रिस्ती मंडळींत 'डीकन' हे जे धर्माधिकाऱ्याचे पद आहे, ते याच दियाकोनोस शब्दातून निघाले. लॅटिन भाषेत तर याहून मौज आहे. तेथे 'मिनुस' म्हणजे कमी, लहान. त्यापासून झाला 'मिनिस्टर', म्हणजे लहान, हाताखालचा, चाकर. आज मिनिस्टर कोणास म्हणतात ते आम्ही सांगावयास नको. मोटारीपुढे मोटार आणि मागे मोटार असल्याशिवाय ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या पदवीचा धात्वर्थ 'लहान' असा आहे! शब्द तोच राहिला आणि आतला अर्थ पालथा झाला. आम्हांस या लेखात नेमके हेच पाहावयाचे आहे, की शब्द खाली वाकतो आणि माणूस उभाच राहतो, हे कसे घडते.

पंक्तीचा विषय निघाला म्हणून एक कथा. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या ६ व्या अध्यायात यरुशलेमातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीची हकीकत आहे. सगळ्यांचे सामायिक होते आणि विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी काय केले? आम्ही तर देवाची सेवा करतो, आमच्या वाटपात चूक कशी निघेल, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सगळी मंडळी बोलावली आणि म्हटले, तुमच्यांतले सात चांगले पुरुष तुम्हीच निवडा. लोकांनी सात निवडले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बाजूने तक्रार आली होती, त्यांच्याच हाती पळी गेली असे दिसते. पाय धुण्याच्या कथेचे चित्र हजारोंनी काढले. या पळीच्या कथेचे चित्र फारसे कोणी काढत नाही. आमच्या मते ती त्या कथेची सख्खी बहीण आहे.

येथे आमची पाठशाळेतली सवय आडवी येते, तिला वाचकांनी क्षमा करावी. 'सेवक' हा शब्द सेव् धातूला कर्त्याच्या अर्थी ण्वुल् प्रत्यय लागून होतो. म्हणजे सेवक हा कर्ता. आणि पाणिनीच्या शास्त्रात कर्ता कोण? तर क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो तो. ज्याची सेवा करावयाची तो काय? तो कर्म. बघा, सेवा म्हणून जी क्रिया आपण खाली वाकण्याची समजतो, तिच्या वाक्यरचनेतच सेवा करणारा स्वतंत्र आहे आणि ज्याची सेवा होते तो त्याच्या क्रियेचा विषय होऊन बसला आहे. कधी वाकायचे, कोणापुढे वाकायचे, किती वेळ वाकायचे, हे सगळे सेवकाने ठरवायचे. राजा वर्षातून एक दिवस भिकाऱ्याचे पाय धुतो तेव्हा दिवस राजा ठरवतो, भिकारीही राजाच निवडतो. भिकाऱ्याला फक्त पाय पुढे करावयाचे असतात. मग या सगळ्यात धनीपण कोठे गेले? ते जागेवरच आहे. फक्त जमिनीवर बसले आहे.

आमचा सिद्धान्त आम्ही आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना पुढचे तपासून घेता येईल. सेवा वाकण्याने सिद्ध होत नाही. ज्याची सेवा होते आहे, त्याला जेथे तोंड आहे आणि त्याच्या बोलण्याने सेवकाला काही बदलावे लागते, तेथे सेवा आहे. पाय बोलत नाहीत. पायांच्या मालकाने तोंड उघडले म्हणजे परीक्षा सुरू होते.

यावर कोणी पूर्वपक्ष करील की, पेत्राने तर तोंड उघडून 'नको' म्हटले होते. तरी येशूने त्याचे पाय धुतलेच की! मग तेथे सेवा नव्हती काय? शंका बिनतोड वाटते खरी. पण कथा पुन्हा वाचावी. पेत्राला कोणी गप्प केले नाही. त्याच्या पहिल्या बोलण्याला उत्तर मिळाले, कारण मिळाले. दुसऱ्या बोलण्यालाही मिळाले. सेवकाने समोरच्याची प्रत्येक लहर पुरवावी असे आमचे म्हणणे नाही. रोग्याने मागितले म्हणून वैद्य दही देत नाही. परंतु वैद्याला विचारता आले पाहिजे की दही का नाही, आणि पोटात दुखते म्हटल्यावर वैद्याने 'तुला काय कळते' म्हणून नाडी सोडता कामा नये.

आता इतिहासात उतरू. आमच्या वाचनात जो पुरुष सर्वांत भरला तो ग्रेगरी. हा इ.स. ५९० ते ६०४ रोमचा पोप होता. आधी तो रोम शहराचा मुख्य प्रशासक होता. मग ते सोडून त्याने आपल्या वडिलोपार्जित वाड्याचा मठ केला आणि स्वतः त्यात साधू होऊन राहिला. इ.स. ५९० मध्ये रोममध्ये महामारी आली, तीत आधीचा पोप वारला आणि लोकांनी याला गादीवर बसविले. वेशीबाहेर लोंबार्ड नावाच्या टोळ्या, आत भूक आणि रोग. अशा काळी त्याने पत्रांवर स्वतःची पदवी लिहिली ती 'सेर्वुस सेर्वोरुम देई', म्हणजे देवाच्या सेवकांचा सेवक. दोन षष्ठ्या एकीला एक लागून आल्या आहेत. आपल्या 'दासानुदास' शब्दाचा हा जवळचा नातलग समजावा. त्याच्या आधीही अशी भाषा कोणी कोणी वापरली होती, पण पोपांच्या पत्रांत ती रूढ झाली ती याच्यापासून. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाने 'सार्वत्रिक' अशी पदवी लावून घेतली, तिला ग्रेगरीने कडाडून विरोध केला. आणि तशी पदवी त्याला स्वतःला देऊ पाहणाऱ्यालाही त्याने तितक्याच कडकपणे थांबविले. का? एकाला सार्वत्रिक म्हटले की बाकीच्यांचे काही उरत नाही, असे त्याचे म्हणणे.

पण पदवी काय, कोणीही लावील. आम्हांस ग्रेगरी आवडला तो त्याच्या एका पत्रामुळे. रोमच्या धर्मपीठाच्या सिसिली बेटावर मोठ्या जमिनी होत्या. तेथले धान्य जहाजांनी रोमला येई आणि त्यावर गोरगरीब जेवत. म्हणजे काम पुण्याचेच! पण ते धान्य कसे गोळा होत होते? जमिनीवरचे कारभारी कुळांकडून ठरल्यापेक्षा मोठ्या मापाने मोजून घेत. कुळाच्या घरी लग्न निघाले की वाटेल तेवढा कर उकळीत. इ.स. ५९१ मध्ये ग्रेगरीने तेथल्या आपल्या मुख्य कारभाऱ्याला एक लांबलचक पत्र लिहिले. धान्याचे माप अठरा सेक्स्टारियसांहून मोठे असता कामा नये. लग्नाचा कर एका सोन्याच्या नाण्याहून अधिक घ्यायचा नाही. अशा बारीक बारीक गोष्टी त्यात आहेत. ज्याने महामारीत आणि युद्धात शहर सांभाळले, तो पुरुष पायली केवढी असावी हे लिहीत बसला आहे! आम्हांस हे फार मोठे वाटते. परंतु पत्राचा जो भाग आमच्या सिद्धान्ताशी भिडतो तो निराळाच आहे. ग्रेगरीने कुळांना उद्देशून वेगळी पत्रे लिहिली होती. त्याने कारभाऱ्याला बजावले की, ती पत्रे प्रत्येक मळ्यावर कुळांना वाचून दाखव. म्हणजे जुलूम झाला तर आपल्या नावाने तो कसा परतवायचा हे त्यांना कळेल. आणि मूळ पत्र किंवा त्याची नक्कल त्यांच्या हाती दे.

सज्जनहो, येथे जरा थांबावे. कारभाऱ्याला 'दयेने वाग' असे सांगून ग्रेगरीला मोकळे होता आले असते. पुष्कळ थोर माणसे तेवढ्यावर मोकळी होतात. त्याने कुळाच्या हाती कागद दिला. कुळ अडाणी असेल, पण आता तो कारभाऱ्यापुढे उभा राहून म्हणू शकत होता की तुझ्या धन्याचे माप हे नव्हे. कर्म होते ते कर्ता झाले. ग्रेगरीच्या काळी ती कुळे जमिनीशी बांधलेली होती आणि ते बंधन काही त्याने तोडले नाही, हेही सांगितले पाहिजे. नाही तर आमचे लिहिणे स्तोत्र होईल. तथापि कागद दिला तो दिला.

याच ग्रेगरीने धर्मपीठावर बसणाऱ्यांसाठी एक ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो अधिकाऱ्याच्या एका रोगाचे वर्णन करतो. सगळे हाताखालचे लोक होय होय म्हणू लागले की अधिकारी स्वतःला आतून ओळखण्याचे सोडून बाहेरून जे ऐकू येते तसाच मी आहे असे समजू लागतो. हा रोग पोपांनाच होतो असे नव्हे. आम्ही चाळीस वर्षे कीर्तन करीत आलो. गळ्यात हार पडतात, पायांवर डोकी टेकतात, आणि उभ्या कीर्तनात कोणी उठून 'बुवा, हे चुकले' म्हणत नाही. पाठशाळेत बरे होते. तेथे पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्त मांडू देत नसत, आणि पूर्वपक्ष कच्चा मांडला तर गुरुजी स्वतःच विरोधकाच्या बाजूने उभे राहत.

ग्रेगरीने ज्याचे चरित्र लिहिले त्या बेनेडिक्ट नावाच्या मठसंस्थापकाने हे ओळखले होते असे दिसते. त्याच्या नियमग्रंथात सर्व साधूंनी आळीपाळीने स्वयंपाकघरात राबावे, पाळी संपताना सर्वांचे पाय धुवावेत, हे तर आहेच. पण त्याच्या ३ ऱ्या प्रकरणात असे आहे की, मठात काही महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असेल तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावे आणि सगळ्यांत लहान असेल त्याचेही ऐकावे, कारण पुष्कळदा चांगली गोष्ट देव लहानालाच सुचवितो. निर्णय मात्र मठाधिपतीचा. पुढे असिसीचा फ्रान्सिस झाला. त्याने आपल्या मंडळींचे नाव 'लहान भाऊ' असे ठेवले आणि त्यांच्या प्रमुखाला मिनिस्टर म्हटले, त्या शब्दाच्या मूळ अर्थाने. आणि इ.स. १२२० मध्ये, आपणच काढलेल्या संघाचे प्रमुखपण सोडून देऊन, तो दुसऱ्याच्या आज्ञेत राहू लागला. आपण लावलेल्या झाडाखाली दुसऱ्याला बसवून स्वतः उन्हात उभे राहणे सोपे नाही.

इकडे रोममध्ये काय झाले ते थोडक्यात सांगतो. ग्रेगरीची ती पदवी पोपांच्या फर्मानांवर कायम राहिली. पण त्याच पोपांच्या मस्तकावर पुढे तीन मजल्यांचा मुकुट आला, बसायला माणसांच्या खांद्यांवरून वाहून न्यायची खुर्ची आली, आणि भेटीला येणाऱ्याने पोपांच्या पायाचे चुंबन घ्यावे अशी चाल कित्येक शतके चालली. वर्षातून एका पवित्र गुरुवारी दुसऱ्याचे पाय धुवायचे आणि बाकीचे दिवस आपला पाय पुढे करायचा! इंग्लंडच्या राजांनीही हा गुरुवार पाळला. सतराव्या शतकापर्यंत ते गरिबांचे पाय धुवीत. मग पाणी गेले आणि नाणी राहिली. आता राजाच्या वयाइतक्या पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली चांदीची नाणी वाटतात. कोणाच्या पायाला हात लागत नाही. असे सगळ्या विधींचे होते. आपण त्यांना हसू नये. रोमचा मुकुट मात्र इ.स. १९६४ च्या नोव्हेंबरात पोप पौल सहावे यांनी गरिबांच्या नावाने वेदीवर ठेवून दिला, आणि त्यांच्यामागून कोणी तो घातला नाही.

सेवेचे आणखी एक सोंग आहे, ते मुकुटाहून अवघड. ते म्हणजे बापाचे. ख्रिस्ती धर्मगुरूला 'फादर' म्हणतात. 'पोप' या शब्दाचाही मूळ अर्थ बापच. बाप मुलासाठी झिजतो, त्याच्यासारखा सेवक नाही, हे खरे. पण बापाला मुलाचे सगळे कळते, मुलाला स्वतःचे कळत नाही, असे धरून चालले की प्रौढ माणसाचेही तोंड मिटते. ज्याचे अन्न आपण खातो त्याच्यापुढे बोलता येत नाही, हा तर सर्वांचा अनुभव. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. इ.स. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. अभंग रचले, कीर्तने केली. आमच्या धंद्यातलाच माणूस म्हणायचा. मिशनने शाळा काढल्या, दुष्काळात लोक जगविले, यात संशय नाही. तरीही इ.स. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. पगार सोडल्याशिवाय काही शब्द तोंडातून निघत नाहीत, असे आम्हांस त्यावरून वाटते. टिळकांच्या मनात आणखीही पुष्कळ असेल.

आता ज्या छायाचित्रावरून सुरुवात केली त्याकडे येतो. पोप फ्रान्सिस गादीवर आले ते इ.स. २०१३ च्या मार्चमध्ये. पंधरवड्यातच पवित्र गुरुवार आला. मोठ्या देवालयात तो विधी न करता ते रोममधल्या अल्पवयीन गुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा मुलांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. तोवर नियम पुरुषांचेच पाय धुण्याचा होता, इ.स. २०१६ मध्ये तो रीतसर बदलला. हे दाखवायचे होते काय? दाखवायचे तर होतेच. येशूनेही शिष्यांना दाखविण्यासाठीच केले होते. दाखविलेली गोष्ट खोटी असते असे नाही.

खरी परीक्षा मात्र पाच वर्षांनी झाली, आणि ती तुरुंगात नव्हे. ख्रिस्ती धर्मगुरूंपैकी काहींनी कोवळ्या मुलांवर अत्याचार केले आणि त्यांच्या वरच्यांनी ते झाकले, ही गोष्ट इ.स. २००२ पासून, बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने ती उघड केल्यावर, देशोदेशी बाहेर येत होती. झाकणारे सगळे दुष्ट होते असे म्हणता येत नाही. त्यांतले कित्येक स्वतःला मनापासून सेवक समजत असतील. संस्थेची सेवा करतो आहोत, लोकांची श्रद्धा सांभाळतो आहोत, असेच त्यांना वाटत असेल. मुलांना विचारले नाही, एवढेच. चिली देशात एका बिशपावर आरोप होता की, अशा एका धर्मगुरूचे कृत्य माहीत असून तो गप्प राहिला. इ.स. २०१८ च्या जानेवारीत पोप तेथे गेले असता वार्ताहरांनी विचारले. पोप म्हणाले की पुरावा आणा, मग बोलेन. हे सगळे कुभांड आहे. ज्यांनी पाय धुतले तेच हे पोप! पीडितांच्या मनाला ते शब्द किती लागले असतील! बोस्टनच्या कार्डिनलने दोनच दिवसांत जाहीरपणे सांगितले की, या शब्दांनी पीडितांना मोठी वेदना झाली असेल हे समजण्यासारखे आहे. हाताखालच्याने असे उघड बोलणे त्या दरबारात सोपे नाही.

पुढे काय झाले ते पाहा. पोपांनी एका धर्माधिकाऱ्याला चौकशीस पाठविले. त्याने ६४ जणांचे ऐकले आणि सुमारे २३०० पानांचा वृत्तांत आणला. तो वाचून एप्रिलमध्ये पोपांनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहिले, आपल्याकडून पारखण्यात गंभीर चुका झाल्या असे त्यात कबूल केले आणि क्षमा मागितली. आरोप करणाऱ्यांपैकी तिघांना आपल्या राहत्या घरी बोलावून ठेवून घेतले आणि त्यांच्याशी तासन् तास बोलले. मे महिन्यात चिलीच्या सगळ्या विद्यमान बिशपांनी राजीनामे पुढे केले, आणि ज्याच्यावरून हे सुरू झाले त्याचा राजीनामा जूनमध्ये स्वीकारला गेला.

आता त्या श्रोत्यांना आमचे उत्तर. तुरुंगातल्या पाय धुण्याचे छायाचित्र आहे. त्या तिघांशी बंद खोलीत जे बोलणे झाले, त्याचे छायाचित्र तसे गाजले नाही. आम्हांला विचाराल तर सेवकपण त्या खोलीत होते. पहिल्या प्रसंगी पोप कर्ते होते आणि मुलांनी पाय पुढे केले. दुसऱ्या प्रसंगी त्या तिघांनी बोलावयाचे होते, आणि जगातल्या एका मोठ्या धर्मपीठाच्या धन्याने आपण कोठे चुकलो ते ऐकत बसावयाचे होते. यात गुडघे टेकावे लागत नाहीत, पण गुडघ्यांहून कठीण असे काही वाकवावे लागते. जानेवारीतच ऐकले असते तर किती बरे, असे कोणी म्हणेल. त्याचे खरे आहे. त्या तीन महिन्यांचे ओझे पीडितांच्या बाजूला पडले, पोपांच्या नव्हे. अधिकाऱ्याला उशीर झाला तर त्याची किंमत दुसराच देतो. या अन्यायावर आम्हांस समाधान सापडलेले नाही.

इ.स. २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात रोमला मोठी धर्मसभा भरली. त्या सभेत स्त्रियांना प्रथमच मताचा अधिकार मिळाला, आणि कार्डिनल व साधी माणसे एकाच गोल टेबलाभोवती बसली. तिच्या अखेरच्या ठरावात असे आले आहे की, अधिकार चालविणाऱ्याने केवळ आपल्या वरच्याला नव्हे, तर ज्यांच्यासाठी तो आहे त्या समाजालाही हिशेब द्यावा. पोपांनी तो ठराव जसाच्या तसा मान्य केला. कागद तर झाला. तो गावोगावच्या मळ्यांवर कोण वाचून दाखवतो आणि त्याची नक्कल कोणाच्या हाती पडते, हे दिसावयाला वेळ लागेल.

इ.स. २०२५ च्या पवित्र गुरुवारी, १७ एप्रिलला, पोप आजारातून नुकतेच उठले होते. रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात ते चाकांच्या खुर्चीत बसून गेले. खाली बसून पाय धुण्याची शक्ती नव्हती. सुमारे सत्तर कैद्यांना ते भेटले, दरवर्षीसारखे या वर्षी करता येत नाही असे त्यांना म्हणाले, अर्धा तास त्यांच्यात राहिले आणि परत आले. चौथ्या दिवशी ते गेले.

आमच्या सिद्धान्तावर ज्या वाचकांना आक्षेप असेल त्यांनी तो सकारण लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवावा. विशेषतः पेत्राच्या शंकेचे जे समाधान आम्ही वर केले आहे ते कोणास अपुरे वाटत असेल तर अवश्य लिहावे. पत्र आल्यास पुढील अंकी उत्तर देऊ.